राजधानीतील उमेदवारी

कागल तालुक्यातील मनुष्याने राज्यकारभाराचे शिक्षण घेण्यासाठी मुंबईस जावे, ही गोष्ट आमच्या मुरगुडात कोणालाच रुचली नव्हती. ज्या तालुक्याला अवघा जिल्हा राजकारणाचे विद्यापीठ म्हणून ओळखतो, ज्या तालुक्यात केशकर्तनालयातील गिऱ्हाइकाची अर्धी दाढी होईतो दोन सत्तांतरे घडून जातात, आणि ज्या तालुक्यात नव्या जावयाच्या कुळाआधी त्याच्या गटाची चौकशी होते, तेथील विद्यार्थ्याला ‘लोकधोरण’ नावाचा विषय शिकण्यासाठी वेदगंगा सोडून अरबी समुद्राच्या काठी जावे लागावे, यात तालुक्याची बेअदबी आहे, असे आमच्या गल्लीचे एकमत झाले. आणि कोणत्याही विषयावर गल्लीचे एकमत होण्याचा तो माझ्या हयातीतील पहिलाच प्रसंग असल्याने तो माझ्या चांगला स्मरणात राहिला आहे.

परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून एम. ए. च्या विद्यार्थ्याने वर्गाबाहेर कोठेतरी प्रत्यक्ष काम करून श्रेयांक मिळवावेत, असे फर्मान निघाले होते. आणि मुंबईतील एका धोरण-संशोधन संस्थेशी आमच्या सरांचा, वशिला म्हणता येणार नाही, पण परिचय होता. आबांनी एवढेच विचारले, “पगार किती?” मी म्हटले, “विद्यावेतन देतील थोडंफार.” “म्हंजे आम्हीच पाठवायचं,” असा जो निष्कर्ष त्यांनी तत्क्षणी काढला, तो पुढे तंतोतंत खरा ठरला, अर्थसंकल्पीय अंदाज इतका अचूक निघाल्याचे दुसरे उदाहरण मला पुढे राजधानीतही आढळले नाही.

मी शिकावयास चाललो आहे, हे मात्र गावाने अखेरपर्यंत मान्य केले नाही. मुंबईस राहणारा आणि मंत्रालयाच्या आसपास वावरणारा इसम हा गावाचा वकील होय, अशी जुन्या दरबारी वहिवाटीला धरून सर्वांची समजूत झाली, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये पाऊल ठेवीपर्यंत माझ्या बॅगेत अर्जांचे एक स्वतंत्र दप्तर जमले. संजय गांधी निराधार योजनेत नाव घालण्याविषयी एक, तालमीच्या छपराविषयी एक, पाणंद रस्त्याविषयी दोन (त्यांपैकी एक रस्ता व्हावा म्हणून, दुसरा तो होऊ नये म्हणून, आणि दोघे अर्जदार सख्खे भाऊ). पण या सर्वांत वजनदार कैफियत तात्यांची होती. तात्यांच्या सातबाराच्या उताऱ्यावर त्यांच्या वडिलांचे नाव ‘ज्ञानू’ असावयाचे ते ‘धानू’ असे पडले होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५५ खाली असला लेखनप्रमाद तहसीलदाराच्या पातळीवरच दुरुस्त होतो, त्यासाठी कागलची कचेरी पुरेशी आहे, मुंबईस तसदी देण्याचे प्रयोजन नाही, हे मी माझ्या सर्व विद्येनिशी त्यांना समजावून दिले. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ते मला ठावं हाय. पर खालनं ढकलून चालत न्हाई, लेका. वरनं दाब पायजे.”

मुंबईत माझी सोय लालबागेत गावकरी मंडळाच्या खोलीत झाली. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात कोकणातल्या आणि आमच्या जिल्ह्यातल्या गावागावांनी वर्गणी काढून अशा खोल्या घेऊन ठेवल्या. माणशी एक ट्रंक, एक खुंटी आणि निजण्यापुरती जमीन, आणि तीही एकाची पाळी सुरू झाली की दुसऱ्याने वापरावयाची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खोल्या राहिल्या. आता तेथे पहारेकरी, कुरियरवाले आणि स्पर्धापरीक्षांचे चिरंतन उमेदवार नांदतात. खोलीची नियमावली भिंतीवर चौकटीत लावलेली असून, नियमभंगाचा दंड व तो वसूल करणाऱ्याचा हुद्दा यांचाही तीत उल्लेख आहे. राजधानीतल्या मुक्कामात मी जेवढी म्हणून धोरणे अभ्यासली, त्यांत अंमलबजावणीच्या कसोटीला शंभर टक्के उतरलेले असे एकच निघाले: रात्री अकरानंतर दिवा बंद. त्याचे रहस्य मी पुष्कळ दिवस शोधत होतो. दिव्याचे बटण चिटणिसांच्या उशाशी होते.

संस्थेत मात्र निराळेच विश्व होते. तेथे माणसे अशी नव्हतीच. होते ते हितधारक, लाभार्थी आणि लक्ष्यगट. आमचे आबा मला तेथे तीन तक्त्यांत तीन रंगांनी भेटले: अल्पभूधारक म्हणून हिरवे, पाणीवापरकर्ते म्हणून निळे आणि पीककर्जदार म्हणून तांबडे, आणि या तिन्ही आबांचा परस्परांशी काही संबंध असल्याची शंकाही तक्ते करणाऱ्यांना आलेली नव्हती. अशा स्थितीत, आपल्या बुद्धीला हा विषय झेपणारा नव्हे अशी माझी जवळजवळ खात्री होत आली असता, एके दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी मायकेल लिप्स्की या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचे नाव काढले. या गृहस्थाने १९८० साली एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, धोरण कायदेमंडळात ठरते हा भ्रम आहे. शिक्षक, पोलीस, खिडकीमागचा कारकून असा जो शेवटचा कर्मचारी नागरिकासमोर उभा असतो, त्याच्या मर्जीला जेवढी मोकळीक असते तेवढ्यात खरे धोरण घडते. बाईंनी उदाहरणे मागितली. कोणी वाहतूक पोलीस म्हणाले, कोणी रेशन दुकानदार. मी म्हणालो, “चिटबॉय.”

वर्गात शांतता पसरली. तेव्हा साखर कारखान्याचा हा कर्मचारी म्हणजे काय चीज आहे, हे मला विस्ताराने सांगावे लागले. कागदावर सारे निर्मळ आहे. उसाची लावण झाली की नोंद करावी, नोंदीच्या तारखेने क्रमपाळी लागावी, क्रमपाळीप्रमाणे तोडीची टोळी यावी. परंतु नोंद करणारा चिटबॉय, चिठ्ठी देणारा चिटबॉय, आणि टोळी आज या बांधावर की त्या बांधावर हे जाणणाराही तोच. शर्टाच्या वरच्या खिशात चिठ्ठ्यांचे पुस्तक, त्याला अडकवलेले निळे बॉलपेन आणि बुडाखाली फटफटी, एवढ्या सामग्रीवर तो पाच-सहा गावांच्या प्राक्तनाची व्यवस्था पाहतो. इकडे उसाला तुरा येतो, कांडी पोकळ होते, रोज वजन घटते. दाराशी आमदार आले तरी खाटेवरून पाय खाली न सोडणारे आबा फटफटीचा आवाज वळणावर येताच उठतात, खांद्यावरच्या टॉवेलाने खुर्ची झाडतात, आणि आई कोणी न सांगता चहाचे आधण ठेवून त्यात साखर मात्र दुप्पट घालते. मुंबईच्या एका चुणचुणीत सहाध्यायिनीने विचारले, “पण मग मोबाईल ॲप का नाही आणत? मधला माणूसच जाईल.” मी म्हटले, “ॲप आलंय. ते त्याच्याच मोबाईलमध्ये आहे.”

बाईंनी फळ्यावर लिप्स्कीच्या खाली ‘चिटबॉय’ असे लिहिले, आणि मला प्रकल्पासाठी तोच विषय नेमून दिला. आमच्या भागातील एका पदाची राजधानीच्या फळ्यावर झालेली ही प्रतिष्ठापना मी त्याच रात्री फोनवरून आबांना कळवली. ते म्हणाले, “त्याला कळू देऊ नको. आदीच चढलाय.”

प्रकल्पाच्या निमित्ताने माझा पुष्कळसा काळ विधान भवनाच्या ग्रंथालयात, उसासंबंधीचे जुने तारांकित प्रश्न चाळण्यात गेला. ज्यांनी हे वाङ्मय वाचलेले नाही त्यांनी मराठी गद्याचा एक वैभवशाली प्रांत पाहिलेला नाही, असे मी निःसंकोच म्हणेन. सन्माननीय सदस्य विचारतात: अमुक गावी अमुक घडले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि मंत्रिमहोदय उत्तरतात: हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही, प्रश्न उद्भवत नाही. जैन दार्शनिकांनी सप्तभंगीत सत्याच्या सात तऱ्हा सांगितल्या. शासनाने काटकसर करून त्या तिनावर आणल्या आहेत: होय, नाही, आणि अंशतः खरे आहे. यांतील तिसरीचा महिमा विशेष. एखाद्या पुलाविषयी तो कोसळला काय असे विचारले असता ‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर ज्या भाषेत देता येते, ती भाषा ज्ञानभाषा होणार की नाही याची चिंता विद्वानांनी सोडून द्यावी.

या वाचनाचा माझ्या लेखणीवर व्हावयाचा तो परिणाम झाला. खर्चाचे पैसे लांबले तेव्हा मी आबांना पाठवलेला संदेश असा होता: (१) माझ्या खोलीभाड्याची रक्कम अद्याप पाठविण्यात आलेली नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याची कारणे काय आहेत, (३) आईने पाठवलेल्या चटणीच्या बरणीतील निम्मी चटणी वाटेत नाहीशी झाल्याप्रकरणी चौकशी करण्यात आली आहे काय, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आबांनी विधिमंडळाचे तोंड कधी पाहिलेले नाही. त्यांचे शिक्षण मुरगुडातच आणि तेही सातवीत आटोपलेले. पण संध्याकाळी आलेले उत्तर असे: “एक, अर्धं खरं आहे. दोन, बिल निघालं नाही. तीन, पाव्हण्यानं खाल्ली, चौकशी करून त्याला दुखवायचं नाही. चार, गप बस.” १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत द्यावी लागते, हे मी उलटटपाली कळवले. त्याला उत्तर आले नाही. प्रश्न उद्भवला नसावा.

कोल्हापूरकराने धोरणाविषयी लिहावे आणि शाहूमहाराजांचे नाव काढू नये, हे संभवत नाही. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज स्वतः इंग्लंडात असताना, करवीर सरकारच्या गॅझेटात जो हुकूम प्रसिद्ध झाला, त्याने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या; देशाच्या पुढच्या इतिहासाला वळण देणारा तो मजकूर एका पानात मावण्याजोगा आहे. आजच्या शासन निर्णयात ‘ही बाब शासनाच्या विचाराधीन होती’ येथवर पोचेतो तेवढे पान सरते, आणि पुढे ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ओलांडून प्रती कोणाकोणास धाडल्या त्या यादीच्या तळाशी ‘निवड नस्ती’ लागेपर्यंत वाचकाची समाधी लागलेली असते. तथापि केवळ जुने तेवढे सोने, असे मी म्हणत नाही. विधान परिषदेचे सभापतिपद १९६० पासून १९७८ पर्यंत सांभाळणारे आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्याचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. तो आजही पगारातून दरमहा दोनशे रुपये कापला जातो आणि वर्षाचे अडीच हजार भरावेत म्हणून फेब्रुवारीत तीनशे. सगळ्यांत तोकड्या महिन्यावर सगळ्यांत मोठा बोजा टाकण्याची ही युक्ती ज्या कोणा अज्ञात कारकुनाला सुचली, त्याच्यावर खरे म्हणजे एक प्रबंध व्हावयास हवा.

राहता राहिले तात्या. दुपारी दोननंतर अभ्यागतांच्या रांगेतून मी मंत्रालयात शिरलो. १९७५ पर्यंत या वास्तूला सचिवालय म्हणत. पाटी बदलल्याने सचिवांचे काही बिघडल्याचे दिसत नाही. एका विभागातील एका कार्यासनावर एक प्रौढ कक्ष अधिकारी बसले होते. त्यांनी अर्ज चष्म्याच्या वरून वाचला, मग खालून वाचला, आणि ‘मुरगूड’ या शब्दापाशी येताच त्यांच्या मुद्रेवर प्रथमच जिव्हाळा उमटला.

“कुठल्या गटाचे?”

“मी विद्यार्थी आहे. धोरणाचा अभ्यास करतोय.”

“ते असू द्या हो. पण गट?”

मी माझे अज्ञान पुन्हा नम्रपणे निवेदन केले, तेव्हा त्यांनी निराशेने अर्जाच्या समासात ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारला, आणि धानूचा कागद राजधानीहून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून प्रांताधिकाऱ्यांकडे, तेथून तहसीलदारांकडे आणि तेथून आमच्या तलाठ्याकडे (त्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे असते) अशा राजमार्गाने निघाला. दरम्यान तात्यांचा धाकटा मुलगा काही कामासाठी कागलला गेला असता त्याने सहज एक अर्ज कचेरीत देऊन टाकला, कलम १५५ ने आपले काम बिनबोभाट केले, आणि मुंबईचा कागद कोल्हापूरच्या बारनिशीत नोंदला जाण्यापूर्वीच धानूचा ज्ञानू होऊन गेला. कागद मुरगुडात पोचला तेव्हा त्यावर ‘दुरुस्ती यापूर्वीच झाली असल्याने प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहून तो आल्या वाटेने परत धाडण्यापलीकडे तलाठ्यांना काही उरले नव्हते.

तारखांचा हा सगळा ताळेबंद मी तात्यांना फोनवर समजावला. त्यांना तो मुळीच पटला नाही. कागद मुंबईहून हलल्याची कुणकुण कागलला लागली म्हणूनच कचेरीने घाई केली, हे त्यांच्या मते पोरासोरांनाही कळण्यासारखे होते. सत्र संपावयास थोडे दिवस उरले असताना गावाहून आलेल्या एका पाव्हण्याबरोबर त्यांनी माझ्याकडे नवे पाकीट धाडले. आत गटारीविषयीचा, विहिरीच्या हिश्शाविषयीचा आणि नातवाच्या बदलीविषयीचा असे ताजे अर्ज होते, आणि वर तात्यांच्या वळणदार हस्ताक्षरात सूचना होती: “बारके काम नव्हे. सबब, सहाव्या मजल्यावरच देणे. खालच्या मजल्यावरनं दाब कमी येतोय.”