पेटी काळी चारवर

आमच्या चर्चमधला पेटीवाला तरुण आहे आणि त्याचा गळा चांगला आहे, हीच अडचण. तो काळी चारला सूर धरतो. पुरुष मंडळी अंतऱ्यापर्यंत कशीबशी पोचतात आणि तिथून खालच्या सप्तकात उतरतात, जिना उतरावा तशी. मागच्या बाकावरच्या आज्यांना याचं काही नाही. त्या अर्धी ओळ मागे राहून आपल्या चालीत गातात. पाळकसाहेब ‘आमेन’ म्हणतात तेव्हा त्यांचं शेवटचं कडवं संपायचं असतं.

माझ्या आजीचं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक आता माझ्याकडे आहे. लुगड्याच्या काठाचं कव्हर, त्याला हाताने घातलेला धावदोरा, आत दुधाच्या हिशोबाची चिठ्ठी आणि एका पानावर हळदीचं बोट. आजीला गाण्यांचे क्रमांक पाठ होते. कुणी दुखणं सांगितलं की ती क्रमांक सांगायची, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.

मी हल्ली ते पुस्तक उघडते ते गुडघ्यामुळे. जुनी गीतं सारखी प्रभूच्या पायांशी बसायला बोलावतात. मी बसेन हो, पण उठवणार कोण? तरीही ते शब्द गुणगुणत जिन्याच्या बारा पायऱ्या चढले की अकरावीला विसावा घ्यावा लागत नाही, हा माझा अनुभव. फिजिओथेरपिस्टला मी हे सांगितलेलं नाही.

लहानपणी वाटायचं, ही पदं लिहिणारे जन्मतःच शांत असणार. मग लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हाती आलं आणि मला एकदम हलकं वाटलं. त्यांचे पती, रेव्हरंड ना. वा. टिळक तापट. हातात आलेला पैसा कुणाला देऊन टाकतील याचा नेम नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पण 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई पुलाच्या अलीकडेच राहिल्या. चार-पाच वर्षं नवरा-बायको वेगळे. पुढे त्याही आल्या, स्वतःच्या मनाने, आणि त्या घरातला सगळा गोंधळ मराठीत असा लिहून ठेवला की टिळकांची बाजू घ्यावी की हसावं, कळत नाही. ख्रिस्ताला आई म्हणणारी पदं याच माणसाची. घरी आदळआपट करून आलेल्या माणसालाच आईच्या पदराची खरी गरज, असं मला आपलं वाटतं.

तिकडे इंग्लंडात ऑल्नी गावी विल्यम कूपरने जॉन न्यूटनसोबत गीतं लिहिली; ती 1779 मध्ये पुस्तकात आली. देवाने आपल्याला टाकलं, या भीतीने तो पार खचून जायचा. मन रमावं म्हणून त्याने ससे पाळले. देवावर भरवसा ठेवायला सांगणारं गीत लिहायचं, आणि मग सशांना पाला घालायला जायचं. मला तो फार जवळचा वाटतो.

म्हणजे हे लोक आम्हाला उपदेश करत नव्हतेच. स्वतःचीच समजूत काढत होते, आम्ही शेजारच्या खोलीतून ऐकतो आहोत, इतकंच.

गेल्या रविवारी पेटी पुन्हा काळी चारला. दुसऱ्या कडव्यात माझा श्वास संपला, गुडघा बोलू लागला, मी हळूच मागच्या बाकावर जाऊन टेकले. शेजारच्या आजींनी न बघताच सरकून जागा केली आणि पुस्तक माझ्याकडे झुकवलं. त्या अजून पहिल्याच कडव्यात होत्या.