पारा चव्वेचाळीस, प्रोसेसर साडेचार

राज्यातल्या तापलेल्या गावांच्या यादीत चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी दर उन्हाळ्यात वर असतात. आमची चामोर्शी त्या यादीत नसेलही, पण ऊन काही यादी वाचून पडत नाही. अशा गावात, एप्रिलच्या शेवटी, पत्र्याच्या खोलीत बसून कॉम्प्युटर मुद्दाम जास्त तापवणारा माणूस शहाणा नसतो. तो मास्तर असतो.

झालं असं, की निकालपत्रकाची फाइल उघडायला आमचा कॉम्प्युटर एवढा वेळ लावायचा, की तोवर चहा उकळून, पिऊन, कपही विसळून व्हायचे. त्यात नागपूरला शिकणारा भाचा सुट्टीत आला, त्याने डबा उघडला आणि ओरडला, "मामा, पेंटियम जी-३२५८! याला कुलूपच नाही!" पेंटियम या नावाच्या विशीनिमित्त इंटेलने २०१४ साली काढलेला हा स्वस्तातला प्रोसेसर. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ, त्याला ३२ ने गुणायचं, झाले ३.२ गिगाहर्ट्झ. इतर स्वस्त प्रोसेसरांत हा गुणक कंपनी बंद करून ठेवते, यात मोकळा सोडलाय. बायोसमध्ये जाऊन ३२ खोडायचं आणि ४५ लिहायचं. नुसता आकडा बदलून निकाल सुधारत असेल तर मास्तराला आणखी काय हवं?

भाचा परत गेला, मी आकडा बदलला. पण वेग वाढला की प्रोसेसर व्होल्टेजही जास्त मागतो, म्हणून १.१ चे १.३ केले. उष्णता वेगाच्या पटीत वाढते ती वाढतेच, वर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. म्हणजे वेग १.४ पट, उष्णता जवळजवळ दुप्पट. हे गणित मी अगदी बरोबर सोडवलं. डब्याला हात भाजल्यावर.

वाढवलेला वेग टिकतो का हे तपासायला लोक एक प्रोग्राम चालवतात, जो मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी केलेला आहे. तोही लावला. किराण्याचा हिशेब जुळत नव्हता अशा घरात भर दुपारी मूळ संख्यांचा शोध सुरू झाला. व्हिडिओतली मंडळी हे सगळं वीस अंशांच्या गार खोलीत करतात, आणि पंखा तर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, तेव्हा त्यांची सुरुवात जिथून होते त्याच्या वीस अंश वरून आमची. शंभरीच्या आसपास पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपणहून वेग उतरवतो. थोडक्यात, साडेचारवर नेलेला आमचा कॉम्प्युटर दुपारी पूर्वीपेक्षा हळू चालू लागला. मार्कंड्याला आमची वैनगंगाही उलटी उत्तरेकडे वाहते, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही.

मग मी हॉलमधला कूलर ओढत आणून उघड्या डब्यासमोर लावला. "माणसं घामाघूम आणि डब्याला कूलर?" ही म्हणाली. कूलरची हवा ओली असते, जोर वाढवला की थेंबही उडतात, आणि ते थेट मदरबोर्डवर बसतात, हे त्याच संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी अंगणात कुरड्यांशेजारी मदरबोर्ड वाळत होता.

तरी खुमखुमी जाईना. २०११ साली एएमडीच्या एका प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठून गिनेस बुकात नाव लावलं होतं, आणि असे विक्रमवाले प्रोसेसरवर उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओततात, असं वाचलं. नायट्रोजन गावात कुठे मिळणार? जनावरांच्या दवाखान्यात! गाई भरवण्याच्या रेतमात्रा त्याच द्रवात गोठवून ठेवतात. पिशवीत थर्मास घालून गेलो. तिथल्या परिचराने कंटेनरचं झाकण जरासं उचललं, पांढरी वाफ काठावरून खाली सांडली, आणि माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेऊन त्याने विचारलं, "कॉम्प्युटर गाभन रायते का जी?"

थर्मास रिकामाच परत आणला.

घरी येऊन, सांगायला लाज वाटते, ४५ चे ४६ केले. पडदा काळा पडला तो उजळेचना. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "बोर्डावरचा चपटा गोल सेल काढा, थोड्या वेळाने परत बसवा, सगळं मूळपदावर येईल. पण मामा, वेग वाढवलात कशाला? तुमची फाइल अडते ती जुन्या हार्डडिस्कपायी. प्रोसेसर नुसता बसून असतो."

"मग ओरडलास कशाला?"

"आनंद झाला म्हणून."

सेल काढला, बसवला. कॉम्प्युटर निमूटपणे ३.२ वर सुरू झाला. रात्री जागून निकालपत्रकं छापली, १ मे ला झेंडावंदनाआधी मुख्याध्यापक मॅडमच्या टेबलावर ठेवली. आता, पत्रकावर त्या दिवसाची तारीख आपोआप यावी असं सूत्र मीच मोठ्या हौसेने फाइलीत घालून ठेवलेलं, आणि सेल काढला की कॉम्प्युटर तारीखही विसरतो. मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"सर, यावर १ जानेवारी २०१४ आहे. दुसरीचा अख्खा वर्ग जन्माआधीच पास केलात?"

"वेग वाढवला होता, मॅडम."