आंघोळीसाठी मतदान

लोकशाही शिकावी तर ब्रिटिश पार्लमेंटकडून. 1911च्या कोळसा खाण कायद्यात त्यांनी खाणकामगाराला खाणीवरच आंघोळ करण्याचा हक्क देऊन टाकला. हक्क म्हटला की अटी आल्याच. आधी कामगारांनी मतदान करायचं. दोन-तृतीयांश लोकांनी ‘होय, आम्हाला आंघोळ हवी’ म्हणायचं. वर न्हाणीघर चालवण्याचा निम्मा खर्च सोसायचं कबूल करायचं. इतकं करूनही हा खर्च माणशी आठवड्याला तीन पेनींच्या वर जाणार असेल, तर मालक मोकळा. आपल्याकडे घटनादुरुस्तीला लागतं तेवढं बहुमत तिकडे पाठ चोळायला!

मालकांची अडचणही समजून घ्या. न्हाणीघर म्हणजे इमारत आली, बॉयलर आला, देखरेखीला माणूस आला. कामगाराच्या घरी ही सगळी यंत्रणा आधीपासूनच फुकट चालू होती. तिला बायको म्हणत. साउथ वेल्समध्ये नवरा आणि मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांना खाणीत जायचे. पाळी सुटली की हिने पाणी तापवायचं, शेगडीपुढे पत्र्याचा टब मांडायचा, मग तो उचलून ओतायचा. कपडे भिंतीवर आपटून भुकटी झाडायची आणि त्या भुकटीने काळी झालेली फरशी पुन्हा पुसायची, तोवर दुसरी पाळी दारात. मत मात्र खाणकामगारालाच. हिला कशाला? ही कुठे कामाला होती!

1919मध्ये खाणकामगारांच्या बायकांची बाजू मांडायला एलिझाबेथ अँड्र्यूज आणखी दोघींसह कोळसा उद्योगाची चौकशी करणाऱ्या सँकी आयोगापुढे उभ्या राहिल्या. पाण्याची जड भांडी उचलून बायकांची बाळंतपणं अकाली होतात, असं त्यांनी सांगितलं. प्रतिष्ठित मंडळींचं मत निराळं होतं: या लोकांना टब द्याल, तर त्यात कोळसा भरून ठेवतील! स्वतःच्या टबातलं पाणी कशावर तापतं, हे बहुधा त्यांच्या नोकरालाच ठाऊक असावं.

कामगारही काही कमी नव्हते म्हणा. पाठ धुतली की कंबर कमजोर होते, अशी कित्येकांची समजूत होती. चारचौघांत कपडे उतरवायची लाज वेगळीच. पण न्हाणीघर झाल्यावर मळके कपडे एका कपाटात, घरचे दुसऱ्यात आणि मधे गरम पाण्याचे फवारे, ही सोय अंगवळणी पडली. फवाऱ्याखाली शेजारी शेजाऱ्याची पाठ घासू लागला. कंबर कुणाचीच गेली नाही.

अखेर 1926मध्ये न्हाणीघरांसाठी कोळशाच्या रॉयल्टीवर पाउंडामागे एक शिलिंग कर बसला, आणि बांधकामाने जोर धरला. मला खरी कणव येते ती या रॉयल्टीवाल्या जमीनदारांची. भूगर्भात कधी पाऊल टाकलं नाही, नखात कणभर कोळसा गेला नाही, टनामागे पैसे घरबसल्या येत होते. अशा स्वच्छ माणसांनी दुसऱ्यांच्या आंघोळीचं बिल भरायचं?