टेंभुर्णीचा चढ

पर्थला स्थायिक झालेला माझा भाचा सुटीत आला, की ऑस्ट्रेलियातील आयर महामार्गाचे माहात्म्य एखाद्या स्थलपुराणाच्या आवेशाने सांगू लागतो; आणि इंदापूर मागे टाकून, भीमेचा पूल ओलांडून आम्ही टेंभुर्णीच्या शिवेत शिरलो, तेव्हा ते पुराण नेमके अशा अध्यायाला पोहोचले होते, की ज्यात बॅलाडोनिया आणि केगुना यांच्या दरम्यान १४६.६ किलोमीटरपर्यंत रस्ता एकही वळण घेत नाही. त्या मुलखाचे नलारबॉर हे नावच मुळी 'झाड नाही' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून पडलेले. १८४१ साली एडवर्ड जॉन आयर वायली नामक आदिवासी सोबत्यासह तेथून जिवंत पार पडला, एवढ्या भांडवलावर महामार्गाला त्याचे नाव मिळाले. आणि संपूर्ण रस्त्यावर डांबर पडायला १९७६ साल उजाडले. (ही शेवटची बाब ऐकून मला परका देश एकदम आपला वाटू लागला.)

"समोरून गाडी आली ना मामा, की ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तोच नमस्कार, तीच ख्यालीखुशाली. आणि रोड ट्रेन म्हणजे साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब ट्रक! इथे असलं काही दिसायचं नाही."

फाट्यावर चहा घेऊन आम्ही पंढरपूरच्या रस्त्याला लागलो आणि एका ओढ्याच्या चढावर नियतीने त्याचा जबाब नोंदवून घेतला. दोन ट्रॉल्या उसाने आभाळापर्यंत रचलेला, टेपवर लावणी लावलेला एक ट्रॅक्टर अर्ध्या चढात अडला होता. मागचा भार इतका, की पुढची दोन्ही चाके जमिनीपासून वीतभर अधांतरी उचलली जात, क्षणभर विचार करीत आणि धप्पदिशी खाली येत. मागच्या ट्रॉलीला लोंबकळून दोन पोरे उसाची बेकायदा वसुली करीत होती.

ड्रायव्हरने भाच्याची अंगलट एकवार न्याहाळली. "पाव्हणं, वाईच म्होरं नाकावर बसा की. चाकं टेकंनात."

ज्याने नलारबॉरचे निर्जन मैदान एकट्याने पार केले होते, तो माझा भाचा मुकाट्याने बॉनेटवर चढला आणि त्या फर्लांगभर चढात, लावणीच्या वरच्या पट्टीत ओरडून, त्याला आपले गाव, पगार, आईचे माहेर, लग्नास झालेला विलंब आणि त्याची कारणे यांची साद्यंत कैफियत द्यावी लागली.

चढ सरला. काखेत बक्षिसाचे दोन ऊस घेऊन तो उतरला आणि ट्रॅक्टर हलताच सवयीने त्याने एक बोट उचलले.

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. "काय झालं पाव्हणं? बोटाला लागलं का काय?"