उताराची सायकल निवडताना

दगडाधोंड्यांच्या उतारावरून सायकल हाणायची हौस ज्यांना आहे त्यांनी दुकानाची पायरी चढण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर लेखी तयार ठेवावं : आपल्याला वर कोण नेणार?

कॅनडातल्या व्हिस्लरला हा प्रश्न पडत नाही. हिवाळ्यात स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारी तिथली लिफ्ट उन्हाळ्यात सायकली वाहते. स्कॉटलंडच्या फोर्ट विल्यमला गोंडोला आहे. माणूस पाळण्यात बसून वर जातो, जीव मुठीत धरून खाली येतो, की पुन्हा पाळण्यात. आपल्याकडे रायगडाला रोपवे आहे. पण सायकल घेऊन त्या रांगेत उभं राहिल्यास पुढे जे होईल त्याची जबाबदारी प्रस्तुत लेखकाची नाही. (गडाच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवायचा विचार मनात असेल तर पुढचं वाचू नये. त्या पायऱ्या त्यासाठी नाहीत.) उरतो मित्राचा पिकअप. पहिल्या रविवारी मित्र हौसेनं येतो, दुसऱ्या रविवारी डिझेलचा विषय काढतो आणि तिसऱ्या रविवारी त्याच्याकडे सत्यनारायण असतो.

सबब, वर आपणच जायचं आहे, आणि तेही पायडल मारत. हे ज्यानं मान्य केलं त्याची निम्मी खरेदी झाली. बाकीच्यांसाठी पुढील मार्गदर्शन.

गेला महिनाभर रात्री जागून मोबाइलवर तुम्ही जी सायकल पाहत आहात ती डाउनहिलची आहे. पुढे-मागे 200 मिलिमीटरचं सस्पेन्शन, सोळा-सतरा किलो वजन, गिअर सात आणि तेही सगळे वेगात खाली येतानाच्या कामाचे. सीट इतकी खाली की बसून पायडल मारलं तर गुडघे कानाशी येतात. ती घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चढ नव्हताच, लिफ्ट होती. तिचे व्हिडिओ पाहायला हरकत नाही, पण पाहून झाल्यावर पाणी पिऊन झोपावं.

दुसऱ्या टोकाला क्रॉस-कंट्रीची सायकल. दहा-बारा किलो वजन, 100 ते 120 मिलिमीटर सस्पेन्शन. चढावर ती उत्तमच. उतारावर मात्र तुम्ही तिच्या आधी खाली पोचण्याचा संभव असतो. आणि तिसरी म्हणजे पोरांच्या सायकलींच्या दुकानात मिळते ती ‘डबल शॉकअप’ची. मधोमध जाडजूड स्प्रिंग, तिच्यावर झगझगीत रंग. हिच्यावर जोर लावला की सायकल वर-खाली होते आणि वजन कमी झाल्याचा भास होतो. पुढे जाण्याशी तिचा फारसा संबंध नाही.

आपल्या कामाची सायकल या सगळ्यांच्या मधे आहे. ट्रेल नावाच्या जातीत 130 ते 150 मिलिमीटर मिळतात, एन्ड्युरो नावाच्या जातीत 160 ते 170. एन्ड्युरोच्या शर्यतीचा नियमच आपल्या परिस्थितीवर बेतल्यासारखा आहे : वर स्वतःच्या पायांनी जायचं, घड्याळ फक्त उतारावर लावायचं. 2013 साली इटलीतल्या पुंता आला इथे या प्रकाराची जागतिक मालिका सुरू झाली आणि तेव्हापासून कंपन्यांना चढाची आठवण राहू लागली. माझं मत विचाराल तर मागे 140, पुढे 150. त्याहून मोठी सायकल उतारावर दहा मिनिटं सुख देते आणि त्याची वसुली चढावर तासभर करते.

ही वसुली जुनी आहे. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत 1976 साली काही पोरांनी डोंगरातल्या एका कच्च्या रस्त्यावर शर्यती लावल्या. साधारण दोन मैलांत 1,300 फूट उतार. सायकली 1930-40च्या दशकांतल्या, जाड टायरच्या, भंगारातून उचललेल्या. ब्रेक मागच्या चाकाच्या आत, पायडल उलटं फिरवलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत त्यातलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि पुढच्या फेरीआधी हब पुन्हा ग्रीसनं भरावा लागायचा. म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. तिथला विक्रम गॅरी फिशरचा, 4 मिनिटं 22 सेकंद. आता ही मंडळी वर कशी जायची? पिकअपमधून, नाहीतर ढकलत. त्या धुडांना गिअर लागले तेव्हा कुठे तीच सायकल वर चालवत नेता येऊ लागली, आणि आज आपण जिला माउंटन बाइक म्हणतो ती तिथून पुढे जन्माला आली. म्हणजे गाडीवाल्या मित्राचा प्रश्न सह्याद्रीपुरता नाही. या खेळाचा पायाच त्यावर आहे.

आता परीक्षा. दुकानदार ‘एक राउंड मारून या ना’ म्हणून सायकल हातात देईल. समोरच्या सपाट गल्लीत राउंड मारू नये. सपाटीवर सगळ्याच सायकली गुणी असतात. जवळची एखादी मोठी इमारत शोधावी आणि तिच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार उलटा चढून पाहावा. शहरात इतका अस्सल चढ दुसरीकडे मिळत नाही. वॉचमन शिट्टी मारील, तिकडे लक्ष देऊ नये. लक्ष द्यावं मागच्या शॉककडे. प्रत्येक पायडलागणिक तो आत-बाहेर होत असेल तर तुम्ही सकाळी खाल्लेले पोहे चाकाकडे न जाता शॉकमधल्या तेलात जात आहेत.

हे थांबवण्यासाठी गेली तीस-एक वर्षं हुशार माणसं डोकं खाजवत आहेत. पायडल दाबलं की वजन मागे जातं आणि मागचा भाग बसू पाहतो. त्याच वेळी चेनही ताणली जाते. त्या ताणानं मागचा भाग उचलला जाईल अशा बेतानं सांधे बसवले, तर बसणं आणि उचलणं यांची फिटंफाट होते. याला अँटी-स्क्वॉट म्हणतात आणि टक्क्यांत मोजतात. शंभराच्या आसपास फिटंफाट. फारच वाढवला तर दगडावर चाक आपटताना चेन पायडलला मागे ओढते आणि तळपायांना हिसके बसतात. हॉर्स्ट लाइटनर यांची हॉर्स्ट लिंक, डेव्ह वीगल यांची डीडब्ल्यू-लिंक, व्हीपीपी, ही सगळी या एकाच भांडणातली निवाडापत्रं. दुकानात ही नावं ऐकू आली की मान डोलवावी, पण निकाल पार्किंगच्या उतारावरच लावावा.

शॉकवर एक छोटी कळही असते. ती फिरवली की शॉक आखडतो आणि चढ सोपा जातो. ही कळ जरूर असावी. मात्र माथ्यावर पोचल्यावर माणूस आधी धापा टाकतो, मग फोटो काढतो, मग केळं खातो आणि कळ तशीच ठेवून उताराला लागतो. पहिल्या दहा-बारा दगडांत ती आठवते.

कोनांकडे वळू. कंपासपेटीतला कोनमापक फेकून दिला नसेल तर आता काढावा. पुढचा फोर्क जमिनीशी 64 ते 66 अंशांत असेल तर पुढचं चाक लांब राहतं आणि उतारावर माणूस हँडलवरून पलीकडे जात नाही. पण हाच कलता फोर्क चढावर पुढचं चाक इकडेतिकडे भटकायला लावतो. त्यावर उतारा म्हणजे सीटचा कोन : 76 ते 78 अंश. सीटची नळी इतकी उभी असली की माणूस पायडलांच्या बरोबर वर बसतो, वजन पुढे येतं, चाक भटकायचं थांबतं. दुकानदार फोर्कचा कोन न विचारता सांगेल. सीटचा कोन तुम्ही विचारायचा. माझ्या मते पायडल मारत वर जाणाऱ्यासाठी अख्ख्या तक्त्यातला हा सर्वांत मोलाचा आकडा आहे, आणि तो नेहमी खालच्या ओळीत असतो.

सीट हँडलवरच्या कळीनं खाली-वर होणारी हवी. चढावर ती पूर्ण वर, उतारावर पोटाला न टोचेल इतकी खाली. 1984च्या सुमारास त्याच रिपॅकच्या मंडळींतल्या जो ब्रीझ यांनी एका साथीदाराबरोबर यासाठी हाइट-राइट नावाची साधी स्प्रिंग काढली होती. आता तेच काम डाव्या अंगठ्यानं होतं. यात पैसे वाचवणारा माणूस प्रत्येक माथ्यावर थांबून चिमटी सैल करतो आणि साथीदारांना ताटकळत ठेवतो.

गिअर. पुढे एकच चक्र, तीस दात्यांचं. मागे बारा, त्यांतलं सर्वांत मोठं 51 किंवा 52 दात्यांचं, जेवायच्या ताटलीएवढं. हिशेब करू. तीसला बावन्न लावलं की पायडलाच्या एका फेऱ्यात 29 इंची चाक सव्वा मीटरच्या थोडं पुढे सरकतं. मिनिटाला साठ फेरे मारले तरी तासाला पाच किलोमीटर होत नाहीत. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणारे काका याच वेगानं चालतात. ते तुमच्या शेजारून चालत राहतील. आधी ‘दमलात का?’ म्हणतील, मग ‘केवढ्याला पडली?’ विचारतील. आकडा खरा सांगू नये, खोटाही सांगू नये. श्वास लागल्याचं निमित्त पुरतं. सांगितलात तर ‘एवढ्यात बुलेट आली असती’ हे वाक्य ठरलेलं आहे, आणि त्या चढावर त्याला उत्तर देण्याइतका दम कोणाकडेच नसतो.

टायरच्या बाबतीत मात्र चढाचं ऐकू नये. हलके, पातळ टायर चढावर छान वाटतात, पण आपला कातळ बेसाल्टचा. त्याच्या फुटक्या कडा टायरची बाजू चिरतात, आणि दगडांतून वाचलात तर बाभळीचा काटा आहेच. ट्यूब काढून आत सीलंट ओतावं. काटा गेला तरी भोक आपोआप बुजतं. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून आत चुबुकचुबुक आवाज येतो का ऐकावं. पुढे मऊ, चिकट रबर. मागे जरा कडक आणि जाड कापडाचा टायर. मुरूम आणि घसाऱ्यावर जे काही हातात राहतं ते पुढच्या टायरमुळे राहतं. हवा वीस-पंचवीस पीएसआय पुष्कळ झाली. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलात तर तो आधी व्हॉल्व्हची ती किडकिडीत पितळी नळी पाहून हात वर करील. तिच्यावर बसवायची टोपी खिशात ठेवावी. मग तो प्रेमानं चाळीस भरील. ती पुढच्या वळणावर निम्मी सोडून द्यावी.

ब्रेक हायड्रॉलिक, चार पिस्टनचे, पुढची डिस्क 200 मिलिमीटरची. यावर चर्चा नाही.

घरी आल्यावर सॅग लावायचा, म्हणजे आपल्या वजनानं शॉक किती बसतो ते ठरवायचं. नेहमीचं दप्तर पाठीवर, त्यात दोन लिटर पाणी, डोक्यावर हेल्मेट, अशा थाटात सायकलवर अलगद बसावं आणि शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग किती सरकली ते मोजावं. शॉकच्या एकूण चालीच्या 25 ते 30 टक्के हवं. शॉकमधली हवा तुमच्या वजनावर ठरते, तेव्हा इथे खरं वजन धरावं. लग्नाच्या वेळचं चालत नाही. घरचे विचारतीलच, दिवाणखान्यात हेल्मेट घालून काय चाललंय म्हणून. आणि हो, या सायकली टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ 2 मीटर भरतात. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ती मागच्या चाकावर उभी करूनच न्यावी लागते, म्हणून खरेदीआधी लिफ्टची उंचीही मोजून ठेवावी.

बॅटरीवर चालणारी सायकल हाही मार्ग आहे. बावीस-पंचवीस किलो वजन, पण चढ तिचा तीच चढते. तरुणपणी हिला पळवाट म्हणतात, पन्नाशीनंतर सोय.

राहिली किंमत. चांगली फुल सस्पेन्शन सायकल लाखांत मोजतात, त्यामुळे वापरलेली पाहणं शहाणपणाचं. ‘फक्त रविवारी चालवलेली’ असं जाहिरातीत असतंच. त्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, टायर बघा. मधले दाते झिजलेले आणि कडेचे नवेकोरे असतील तर ती फक्त डांबरावर फिरली आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा; कुठे अडकलं तर भाव निम्म्यावर आणा, नाहीतर उठा. मागचं चाक धरून आडवं हलवा, सांध्यांत खुळखुळ झाली तर बेअरिंगचा खर्च धरा. एका पावसाळ्याच्या चिखलात ती जातात. फ्रेमची खालची बाजू पाहायला मात्र गुडघ्यावर बसा, कारण दगडांचे ओरखडे तिथे असतात आणि मालकानं पुसलेलं असतं ते वरून.

सर्वांत चांगला माल मिळतो तो 170 मिलिमीटरची सायकल घेऊन एकदाच टेकडीवर गेलेल्या माणसाकडे. ती तुम्हाला घ्यायची नाही; पण तिच्याआधीची 140ची त्यानं अजून विकलेली नसते, आणि बायकोनं बाल्कनी रिकामी करायला सांगितलेलं असतं. अशा ठिकाणी घाई करू नये. चहा घ्यावा. चढाचा विषय आपण होऊन काढू नये. पाठीच्या दुखण्यामुळे विकतोय, असं तो स्वतःच सांगेल. मान डोलवावी, चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवावं आणि पाच हजार आणखी कमी करून मागावेत.