सातबाऱ्यावर नसलेली नोंद

तालुक्याच्या गावात घरातली गोष्ट घरातच ठेवायची असेल, तर पोरांना मित्र करू देऊ नये. मोठी माणसं दम भरतात, "बाहेर बोलायचं नाही हं!" पोरगं मधल्या सुट्टीत तेच "कुणाला सांगू नकोस, आईशप्पथ" असं करून, तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडीबरोबर मित्राला देऊन टाकतं. फोड अर्धी, गुपित अख्खं. संध्याकाळी मित्राची आई पोराच्या आत्याला हळदीकुंकू लावताना जरा जास्तच निरखून बघते.

आणि गुपितं तरी कसली? बहुतेकदा आजोबांच्या जमिनीवरून आत्याचं नाव कसं गेलं, एवढंच. २००५च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. तेव्हापासून भाऊबीजेच्या साडीबरोबर हक्कसोडपत्राची गोड आठवणही येऊ लागली. निबंधकाच्या कचेरीत आत्या "राजीखुशीनं" सही करते. घरी आल्यावर तिच्या डोळ्यांत कांदा न चिरताच पाणी येतं.

आता सातबारा मोबाइलवर कुणालाही दिसतो. त्यात पिकाचा रकाना आहे, बोजाचा आहे. आत्या का रडली याचा नाही. ती नोंद बालमित्रांच्या दप्तरी, आणि तिच्यात फेरफार करणं अजून एकाही तलाठ्याला जमलेलं नाही.