ऑप्ट-क्लीन आणि दिघंचीचा फाटा

आटपाडीत बसून मी चिपचं काम करतो, एवढीच बातमी गल्लीत पसरली आणि शेजारच्या काकूंनी बटाट्याचा भाव विचारला. त्यांची फार चूक नव्हती. सिलिकॉनच्या ज्या चकतीवर चिपा घडवतात तिलाही वेफरच म्हणतात. पण हे सांगायला गेलो असतो तर प्रकरण आणखी तळलं गेलं असतं, म्हणून गप्प बसलो.

घरी आबांसमोर मात्र गप्प बसता येत नाही, कारण वरच्या खोलीचं लाईटबिल ते भरतात.

मी वापरतो त्या अवजाराचं नाव योसिस. व्हिएन्नात क्लेअर वुल्फ यांनी ते सुरू केलं. फुकट आहे, आणि आतली यंत्रणा कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी, असा खुला मामला आहे. नावाची फोड विचाराल तर ‘योसिस ओपन सिंथेसिस स्वीट’. म्हणजे योसिस म्हणजे काय, तर योसिस. माहितीपुस्तक कसं असेल याचा अंदाज मला तिथंच यायला हवा होता.

काम असं : आपण व्हेरिलॉग भाषेत लिहायचं, की घड्याळाचा ठोका पडला की हा आकडा एकानं वाढव. योसिस त्या वाक्याची खांडोळी करून अँड, ऑर, फ्लिप-फ्लॉप अशा बारक्या बारक्या घटकांचं आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचं जाळं विणून देतं. २०१५ साली आइसस्टॉर्म प्रकल्पानं लॅटिस कंपनीच्या आइस-४० चिपांची आतली भाषा उकलली, आणि महागडा परवाना न घेता घरच्या लॅपटॉपवरून खऱ्या चिपमध्ये सर्किट उतरवता येऊ लागलं. आमच्या वरच्या खोलीतूनसुद्धा. लाईट असली तर.

या योसिसला दोनशेच्या वर कमांडी आहेत आणि प्रत्येकीची मदत तिच्याच सी-प्लस-प्लसच्या फायलीत लिहिलेली असते. ‘हेल्प’ असं टाइप केलं की तोच मजकूर समोर येतो, आणि त्याच मजकुरातून पुस्तकाची पानं आपोआप तयार होतात. मजकुराच्या वर एक गंमत असते. उभी रेघ, तीन आडव्या, मग ‘व्ही’, पुन्हा तीन आडव्या, अशी एक पट्टी आखलेली. ऐंशी अक्षरांच्या पुढं ओळ जाऊ नये म्हणून. कापडवाल्याच्या फळीला गज ठोकलेला असतो तशी. ओळ किती लांब असावी याची एवढी चोख व्यवस्था मी दुसरीकडं पाहिली नाही. त्या ओळीत काय असावं, याचा गज मात्र अजून कुणी ठोकलेला नाही.

पर्यायांचं वर्णन वाचावं तर जागोजाग लग्नाच्या बैठकीतली उत्तरं. मुलगा काय करतो? कामाला असतो. कुठं? कामाच्या ठिकाणी. लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, हाच त्याचा दोष. हा दोष मला मान्य आहे, कारण आमच्या गावात तो जन्मजात असतो. पाहुण्यानं घर विचारलं तर माणूस हात वर करून म्हणतो, “ह्ये काय, हितंच की.” पुढं तीन किलोमीटर माळरान.

त्यात भर म्हणजे मी शिकलो ती कमांडींची यादी अक्षरवार होती. ‘प्रॉक’ नावाची एक कमांड आहे. तिच्या पोटात प्रॉक-क्लीन, प्रॉक-मक्स, प्रॉक-डीएफएफ अशी डझनभर पोरं ठरलेल्या क्रमानं कामाला लागतात. पण ‘आधी प्रॉक, मग ऑप्ट, मग मेमरी, शेवटी एबीसी’ ही वाट यादीत कुठून दिसणार? शेवटी यायची ती एबीसी अक्षरवारीत पहिल्या पानावर. गावात माणूस असा शोधत नाहीत. आधी आळी विचारतात, मग भावकी, मग नाव. कमांडींनाही भावकी आहे : ऑप्टवाले, मेमरीवाले, एफएसएमवाले. हजेरीपत्रकाच्या क्रमानं पंगत बसवली तर सासूशेजारी नेमका कोण येईल याचा भरवसा नाही.

आमचा तालुका पूर्वी औंध संस्थानात होता. तिथल्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्काराचा प्रसार केला, पुस्तकंही लिहिली. कशानंतर काय, श्वास कधी घ्यायचा, सगळं क्रमवार. तीच आसनं त्यांनी अक्षरवार छापली असती तर अख्ख्या संस्थानाची कंबर धरली असती.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या दिवसांत मी एक मोजणीयंत्र लिहिलं. चार दिवस खपलो. योसिसमधून काढलं, घटक मोजणारी ‘स्टॅट’ कमांड दिली, आणि उत्तर आलं : सेल्स, शून्य. पुन्हा काढलं. शून्य. एरर नाही, साधी तक्रारसुद्धा नाही. चूक माझीच होती. मोजलेला आकडा बाहेर नेणारी तार जोडायचीच राहिली होती. ‘ऑप्ट-क्लीन’ ही कमांड जे कुणाच्या उपयोगाचं नाही ते काढून टाकते. तिनं पाहिलं, बाहेर कुठलीच तार जात नाही. म्हणजे शेवटचा घटक बिनकामाचा, आणि त्याच्या मागचाही बिनकामाचा. मुळापर्यंत सगळ्यांना एकदम काढलं आणि हात झटकून मोकळी झाली. मदतीत लिहिलं होतं की ही कमांड न वापरलेले घटक आणि तारा काढते. शब्द न् शब्द खरा. पण माझं अख्खं यंत्र ‘न वापरलेलं’ असेल, हे मला कसं सुचावं?

रात्री जेवताना हे आबांना सांगितलं. डाळिंब लावणाऱ्या माणसाला छाटणी समजावावी लागत नाही. म्हणाले, “मंग राखायचं त्याला चिंधी बांधायची की.” मी ताटावरून उठायचाच राहिलो. योसिसमध्ये चिंधी आहे! तारेला ‘कीप’ अशी खूण केली की ऑप्ट-क्लीन तिला हात लावत नाही. बागेचंच बघा. ताण, छाटणी, इथ्रेलची फवारणी, पानगळ, मग पहिलं पाणी. ‘पानगळ : पानं गळवते’ एवढंच लिहून भागेल का? झाडाला ताण बसलेला नसताना ती केली तर बहर कसला धरणार? आबांनी यातलं काहीही कधी लिहून ठेवलेलं नाही. विचारलं तर क्रमासकट सांगतात, आणि न विचारता तर हमखास.

खरा धडा मिळाला तो पुढच्या आठवड्यात. पुण्याहून एक मित्र गाडीनं येणार होता. फोन आबांनी घेतला. मी मनात म्हटलं, झालं, आता ‘हितंच की’. पण आबा खुर्ची ओढून बसले. “म्हसवड सोडलं का दिघंची लागती. दिघंचीत आटपाडीकडं वळायचं. ध्यान दे, न वळता सरळ गेलास आणि पाटीवर पंढरपूर जवळ जवळ याया लागलं, मंजी चुकलास. मंग तसाच म्हागारी फीर.” जरा थांबून म्हणाले, “न्हायतर दर्शन घिऊनच ये.”

मी जिन्यातच थांबलो. बरोबर वाट सगळेच सांगतात. चुकलात तर समोर काय दिसेल, हे सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तो बत्तीस वर्षं आमच्याच घरात होता.

त्या रात्री ऑप्ट-क्लीनच्या मदतीत दोन वाक्यं घातली. सगळे घटक नाहीसे झाले आणि स्टॅटमध्ये शून्य दिसलं, तर आधी बाहेर जाणाऱ्या तारा जोडल्यात का बघा. मधलीच एखादी तार राखायची असेल तर तिला कीपची खूण करा. वर पट्टी होतीच. पहिलं वाक्य ब्याऐंशी अक्षरांचं भरलं. दोन अक्षरांसाठी पाऊण तास गेला. पंढरपूर आणि दर्शन आधीच वगळलं होतं, याची हळहळ अजून आहे.

दुरुस्ती पाठवून खाली आलो. आबा अंगणात स्टार्टरचं झाकण उघडून बसले होते.

“पाठीवलं?”

“पाठवलं.”

“पैसं किती?”

“पैसे नसतात त्यात.”

“मंग नाव तरी छापत्यात का खाली?”

“मदतीच्या मजकुरात नाव नसतं, आबा.”

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. माझ्याकडं आणि वरच्या खोलीतल्या जळत्या ट्यूबकडं आळीपाळीनं बघितलं.

“मंजी बाहीर जाणारी तार तुझीबी जोडल्याली न्हाय की रं,” म्हणाले. “जा, वरली लाईट बंद करून ये.”